ग्रेसनं पास

सोमवारी दादांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि रविवारी सकाळी त्यांच्या खिशात मला तंबाखूची पुडी सापडली. दादा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात जन्म गेला, आणि तोंडात कायम तंबाखूचा बार.

"उद्या छाती उघडणार आहेत तुमची! आज तरी?"

"भेव वाटून राह्यलं, बाई," ते म्हणाले. मी पुडी हिसकावून माझ्या पर्समध्ये टाकली.

दादा माझ्याकडेच राहत, आणि घरात नियम माझे. आधी तंबाखू सोडा, मंगच प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीला, हात लावा, असं मीच त्यांना बजावलं होतं. तीन वर्षं ते चर्चमध्ये भाकरीचं ताट समोर आलं की मान खाली घालून पुढे सरकवत. मला वाटायचं, लाजेनं का होईना, सुधारतील. आता सुधारायला एकच दिवस उरला होता. उद्या काही बरंवाईट झालं तर हा माणूस त्या भाकरीवाचून उपाशीच जाईल, हे कळत होतं. तरी पण सूट देववेना. माझा स्वभावच तसला, मेला.

चर्चमध्ये पाळकसाहेब त्या दिवशी कृपेवर बोलले, इंग्रजीत ग्रेस. ती कमवता येत नाही म्हणाले. मी सवयीनं आमेन म्हटलं. खरं सांगायचं तर त्या शब्दाचा मला रागच आहे. दहावीला गणितात मी तीन मार्कांच्या ग्रेसनं निघाले. सासरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ताट आमच्या बाकावर आलं. दादांनी ते सरकवलं नाही. दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहिलं.

"घेऊ का?"

"सुटली न्हाई ना अजून, दादा."

"न्हाई सुटली." मग हळूच म्हणाले, "तू ग्रेसनं पास झाल्ती. तवा मी पेढे कमी वाटले व्हते का?"

नव्हते. डबा घेऊन गल्लीभर फिरले होते. पोरगी पास झाली, एवढंच सांगत होते सगळ्यांना.

एक तुकडा उचलून मी त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि ते लहान लेकरासारखे खात असताना ताट तसंच पुढे दिलं.

"बाई, तुमचं राह्यलं की," शेजारीण म्हणाली.

मी तुकडा घेतला. तंबाखूची पुडी अजून माझ्याच पर्समध्ये होती.