बॉक्सरूम आवरताना बाबा बोलले ते

बाबा होते तोवर लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरातली बॉक्सरूम, म्हणजे अडगळीची छोटी खोली, कधी रिकामी झाली नाही. बंद पडलेले रेडिओ, वायरींची भेंडोळी, आइस्क्रीमच्या डब्यांत भरलेले स्क्रू. रिटायर झालेल्या त्या इंजिनिअरला काही टाकवतच नसे. एकदा तिथला बॉयलर तपासायला आलेला माणूस आत शिरूच शकला नाही, तेव्हा आईने मला मिल्टन कीन्सहून बोलावून घेतलं.

बाबा खुर्चीत बसून प्रत्येक वस्तूची बाजू मांडत होते.

"अहो, या टोस्टरला प्लगसुद्धा नाही," आई दारातून म्हणाली.

"म्हणूनच तो कुणाला शॉक देणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं नवीन काम काय आहे गं?"

तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. वय, पत्ता, पोलिसांनी पहिल्यांदा कधी पकडलं, यावरून ते स्कोअर देई. स्कोअर जास्त, तर देखरेख कडक.

"पकडलं, की गुन्हा शाबित झाला?"

"पकडलं."

बाबांनी हातातला रेडिओ खाली ठेवला. "मग माझा स्कोअर काढ. शाळेत होतो तेव्हा नागपुरात एका बंगल्यातून सायकल गेली. पोलीस सरळ आमच्या वस्तीत आले. आम्हा पोरांना चौकीत बसवून ठेवलं. सायकल बंगल्यातल्याच पाहुण्याने नेली होती."

आई थबकली. "इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"तुझ्या वडिलांना कळलं असतं, तर त्यांनी मला मुलगी दिली असती का?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये मी हा मुद्दा काढला. आमची टीम लीड म्हणाली, "डेटात दाखव." मी दाखवलं. जिथे पोलीस जास्त फिरत, तिथल्या तरुणांचे, त्यातही कृष्णवर्णीय मुलांचे स्कोअर फुगलेले होते. शेवटी सॉफ्टवेअरच्या निकषांतून अटक गेली आणि तिच्या जागी कोर्टाने दिलेली शिक्षा आली. पत्ता मात्र राहिला. तिथे मी हरले.

"पत्त्यासाठी पुन्हा भांड," बाबा फोनवर म्हणाले.

नंतर कितीतरी शनिवारी मी स्टॅनमोरला जात राहिले. आवरणं नावापुरतंच. बाबा वस्तीतल्या गोष्टी सांगत, आई चहा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे. आता ते घर विकलंय. माझ्याकडची कपाटं नीटनेटकी आहेत, आणि शनिवार फार लांबलचक वाटतात.