वाटेतच धरलेले निरोप

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको वैदेही पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आत आई, बाहेर मी, आणि सकाळपासून आम्हा मायलेकांचा अबोला.

वैदेही प्रयोगशाळेत अँटीबॉडींच्या औषधांवर काम करते. तिनं एकदा मला समजावलं होतं, की पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप पाठवतात. इथं सूज आण, तिथं ताप चढव. निरोप गरजेचेच असतात. पण कधी कधी पेशींचा संताप आवरत नाही आणि आपलंच शरीर आपले सांधे सुजवत बसतं.

"मग तुझं औषध त्या पेशींना मारतं?" मी विचारलं होतं.

"छे, त्या आपल्याच ना! ते फक्त निरोप वाटेतच धरून ठेवतं." हे सांगताना तिनं ओंजळ हलकेच मिटली होती, आत काजवा असावा तशी. एवढ्या संतापावर इतका हळुवार इलाज असतो, हे मला तेव्हापासून फार आवडतं.

आतून आई कडाडली, "सांग त्याला, जेवायचं नसेल तर राहा म्हणावं उपाशी!"

वैदेही माझ्याजवळ आली. "आई जेवायच्या थांबल्यात तुझ्यासाठी."

मी तणतणत जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती मान डोलावून आत गेली. आईपर्यंत त्यातलं काय पोचलं, कुणास ठाऊक. जरा वेळानं आईनंच हाक मारली. मी पानावर बसलो. तिनं भात वाढला, आणि वरून धरलेली तुपाची धार काही थांबेचना.