पट्टी कोणी वाकवली?

सुपरकंडक्टर केबलच्या चाचण्या घेणं हे माझं काम. या केबलमधल्या पातळ पट्ट्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या की वीज त्यांतून विनाअडथळा वाहते. गेल्या दिवाळीत दुसऱ्या प्रयोगशाळेतून अशी चार मीटर पट्टी घेऊन परतताना मी वाटेत नंदुरबारला घरी उतरले. कामावर गेल्यावर ती मोजली, तर निम्माच करंट घेत होती. दिसायला मात्र नवी कोरी, साधा ओरखडाही नाही.

माझा संशय लगेच धाकट्या भावावर गेला. तो जळालेल्या मोटरी नव्यानं बांधून देतो. तार हाती आली की बोटाला गुंडाळून बघायची त्याची सवय. शिवाय मी बाजारातून आले तेव्हा माझी पिशवी जागेवरून हललेली होती.

फोनवर मी साळसूदपणे विचारलं, "माझ्या पिशवीतली पट्टी पाहिलीस का रे?"

"मी हात बी नही लावा."

"सहज वाकवून बघितली असशील."

तो म्हणाला, "ताई, तू इचारी ऱ्हायनी का आळ लई ऱ्हायनी?"

'विचारतेस की आळ घेतेस' म्हणत एवढा चिडला म्हणजे नक्की यानंच केलं, असं मी धरलं. केर काढताना पिशवी आपणच उचलली, असं आईनं सांगितलं. तेही मला मुलाला पाठीशी घालणंच वाटलं. तीन आठवडे मी त्याला फोन केला नाही.

मग पट्टी टप्प्याटप्प्यानं मोजली. बोटाला गुंडाळली असती तर दोष एकाच जागी सापडला असता. ही तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच बिघडलेली. आतला थर चिनी मातीसारखा ठिसूळ. फार वाकवला की तडे जातात आणि पट्टी सरळ केली तरी ते बुजत नाहीत. पट्टीचं मूळचं मोठं रीळ पिशवीत मावेना, म्हणून त्या प्रयोगशाळेतून निघताना दोऱ्याच्या बारक्या रिकाम्या रिळावर ती अख्खी गुंडाळली होती मीच. 'चार दिवसांत काय होतंय,' असं म्हणत.

फोन करून मी सगळं कबूल केलं.

"म्हणजे तीन हप्ता तू माले खोटा समजनी," तो म्हणाला.

आता आमचं बोलणं नीट होतं, थट्टाही चालते. पण मी घरी गेले की माझं सामान तो रिक्षावाल्यालाच आत ठेवायला सांगतो.