दोन कचेऱ्यांमधले अंतर

पोतनीस वकिलांची पहिली भेट अंबरनाथला त्यांच्या घरच्या ओसरीवर झाली. साहित्याची पदवी घेऊन मी अर्ज लिहिण्याच्या कामासाठी गेलो होतो. माझ्या पहिल्याच मसुद्यातली सगळी विशेषणे त्यांनी खोडली. म्हणाले, "कोर्टाला रडवायचं नाही. कोर्ट कोणतं, ते आधी लिहा."

आज ते साठ वर्षांचे झाले. संपादकांनी प्रसन्न लेख मागितला आहे. मला तो जमणार नाही. पोतनीसांचे मोठेपण सांगायचे तर आधी ठकूबाईंवर झालेला अन्याय सांगावा लागतो, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

ठकूबाई बेलवलीच्या. नवऱ्यामागे त्याच भाताच्या शेतात कूळ म्हणून राबत होत्या. कुळाचा वाद मामलेदाराने ऐकायचा, हा कायदा नवा होता. शेताच्या मालकाला तो पाठ होता. तरी त्याने कल्याणच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि बाईंना घुसखोर ठरवले. गावात कोणीतरी बाईंना सांगितले, कुळाचा न्याय मामलेदाराकडे. ते खरेच होते. म्हणून तारखेला धुवट लुगडे नेसून, समन्स मुठीत धरून, त्या मामलेदार कचेरीच्या पायरीवर सकाळपासून बसल्या. हाकेच्या अंतरावरच्या कोर्टात त्यांच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. मालकाचे वकील त्यांच्यासमोरून गेले, त्यांनी बाईंना ओळखले, आणि आत जाऊन ते म्हणाले, "प्रतिवादी गैरहजर." निकाल एकतर्फी झाला. शेत गेले.

अशा वेळी सुशिक्षित माणसे म्हणतात, लोक अडाणी आहेत. त्या दिवशी त्या आवारात अडाणी कोण होते?

निकाल कळल्यावर बाई पोतनीसांकडे आल्या. ते त्यांच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, कोर्ट चुकीचं असलं तरी तिथं हजर व्हायचं. आणि तिथंच सांगायचं, हे कोर्ट चुकीचं आहे."

"म्हंजे चुकीचे घरान जाऊन सांगाचं, घर चुकलं म्हनून?"

"हो. नाहीतर तिथली माणसं तुमचं घर वाटून घेतात."

"मंग शिकल्यासवरल्यांचा ह्यो कंचा न्याय, वकीलसायेब?"

 पोतनीसांनी त्याच दिवशी निकाल रद्द करण्याचा अर्ज दिला. साक्षीला मामलेदार कचेरीचा शिपाई आणला. तो म्हणाला, "साहेब, मीच दोनदा दटावलं, ए म्हातारे, पायरीवरून ऊठ. उठली नाही. म्हणाली, माझी तारीख हाय." पोतनीस मालकाच्या वकिलांकडे वळले. "आपणही यांना पाहिलंत ना?" ते कागद चाळत राहिले. न्यायाधीश उत्तरासाठी थांबले.

एकतर्फी निकाल रद्द झाला. कूळ आहे की नाही, हा प्रश्न मामलेदारांकडे गेला. तिथे ठकूबाई कूळ ठरल्या आणि लावणीला आपल्या शेतात उतरल्या. मालकाच्या वकिलांना कोणी काही विचारले नाही. ते आजही त्याच आवारात मानाने वावरतात.

त्यानंतर पोतनीसांनी एक रीत ठेवली. तारखेच्या दिवशी कोर्टात जाण्याआधी ते मामलेदार कचेरीपर्यंत जातात आणि पायरीवर बसलेल्या प्रत्येकाचे समन्स वाचून पाहतात. पक्षकार कोणाचा, हे विचारत नाहीत. ज्याचा पुकारा पलीकडे होणार असतो, त्याला हाताला धरून नेतात.

हे काम खरे तर सरकारचे आहे. ते ज्या दिवशी सरकार करील, त्या दिवशी पोतनीसांनी विश्रांती घ्यावी. तोवर त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि पाय धडधाकट राहोत.