वाटपाचं ठिकाण

गेल्या वर्षी आषाढात सातपुड्यातून उतरणाऱ्या नदीचं पाणी आमच्या बौद्धवस्तीत शिरलं. गाव संग्रामपूर तालुक्यातलं. सकाळी पाणी आलं, दुपारी ओसरायला लागलं, मग सरकारी जेवणाची गाडी आली. ती वस्तीत आली नाही. गावातल्या मंदिराच्या सभामंडपाशी थांबली. गावकरी वर पंगतीला बसले. आम्हाला पायऱ्यांच्या खाली बसवलं.

आम्ही म्हणजे बौद्धवस्ती आणि नदीकाठची मुसलमानांची घरं. पाणी आमच्याच घरांत होतं. वर बसलेल्यांची वीज गेली होती. चुली शाबूत होत्या.

मी दोन पायऱ्या चढले. ठेकेदाराचा वाढपी पोळ्यांची टोपली घेऊन आडवा आला.

"थांब वो बाई. वर काऊन येऊन राह्यली? देतो ना खाली."

"वर जागा आहे."

"जागा हाय. पन काही पद्धत हाय ना गावाची."

मी खाली उतरले. तो पायरीवरच उभा राहिला आणि पोळ्या वरून सोडायला लागला. हाताला हात लागू नये एवढ्या उंचीवरून.

माझ्या पुढे आई होती. तिला कोणी काही सांगितलं नाही. तिनं पदर पसरला.

आईला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जन्माआधी, तिच्या आईच्या मागे उभं राहून तिनं ते केलं असेल. आमच्या घरात स्टीलचं ताट आहे, त्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. ते ताट त्या वेळी चिखलात होतं. डोकं विसरलं असेल, हात विसरले नव्हते. पोळी पदरात पडली. भाजी कशात घ्यायची हे कोणी विचारलं नाही. ती पोळीवरच पडली. रस्सा लुगड्यातून खाली गळत राहिला.

आमची शेजारीण शकीला आपा रांगेत मागे होती. ती मोठ्यानं म्हणाली, "पूर आला तवा आपण वरतं होतो बाई, टिनावर. जेवाले खाली आलो."

लोक हसले. मी हसले नाही. पोळी मात्र खाल्ली. भूक लागली होती.

घरी चिखल उपसताना मी आईला विचारलं, पदर का पसरलास. ती घमेलं भरत राहिली. मग म्हणाली, "मले काय मालूम. पसरला गेला."

मी तालुक्याची बातमीदार आहे. बातमीत 'मी' लिहायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून मी बातमीदार म्हणून तहसीलला गेले. नायब तहसीलदारांना एवढंच विचारलं की वाटप सभामंडपात करायचं हे कोणी ठरवलं.

साहेब चांगले होते. चहा सांगितला. म्हणाले, "मॅडम, ते तर उन्हाळ्यातच ठरतं. पाणी आल्यावर कोण ठरवत बसणार?"

ते खरं आहे. पावसाळ्याआधी तालुक्यात आपत्तीची कामं ठरवून ठेवतात. बोट कोणाची, जेसीबी कोणाचा, जेवण कोण देणार, कुठे देणार. भावही आधीच ठरतो. त्याला दरकरार म्हणतात. पूर आल्यावर निविदा काढली तर माणसं उपाशी मरतील. पद्धत योग्य आहे. ती मला मान्य आहे.

पण याचा अर्थ असा होता की आईनं पदर कुठे पसरायचा, ती जागा ऊन तापलेलं असताना ठरली होती. पंख्याखाली. नदीत पाण्याचा थेंब नव्हता तेव्हा. मी तोवर समजत होते, अपमान त्या वाढप्यानं केला. वाढपी करारातलं काम करत होता.

चहा प्यायले नाही. तसाच ठेवून निघाले.

या वर्षी उन्हाळ्यात मान्सूनपूर्व बैठक लागली. तहसीलच्या सभागृहात पत्रकारांच्या खुर्च्या उजवीकडे असतात. मी डावीकडे, गावकऱ्यांत बसले. साहेबांनी एकदा पाहिलं. त्यांना वाटलं, चुकून बसले.

आमच्या गावाचा विषय आला. ठेकेदार तोच. ठिकाण तेच. मी उभी राहिले. म्हणाले, सभामंडप नको, जिल्हा परिषदेची शाळा लिहा.

साहेब म्हणाले, "सभामंडप उंचावर आहे. मोठा आहे. दारापर्यंत गाडी जाते. यात काय अडचण आहे?"

"शाळाही उंचावर आहे. तिथेही गाडी जाते. शाळेत पोरं एका ओळीत बसून खिचडी खातात. तिथे पायऱ्या नाहीत."

मग सरपंच म्हणाले, किल्लीचं काय? मुख्याध्यापक शेगावहून ये-जा करतात. पुरात ते कसे येतील? कुलूप कोण उघडेल? हा प्रश्न खरा होता. गाव सभामंडपात जायचं त्याचं एक कारण हेही होतं. सभामंडपाला कुलूप नसतं.

मी म्हणाले, दुसरी किल्ली करा. ती कोणाकडे राहील तेही करारात लिहा.

सरपंचांनी किल्ली घेतली नाही. शाळेतला तांदूळ गेला, संगणक गेला, तर ठपका त्यांच्यावर येईल. ग्रामसेवकानंही नकारार्थी मान हलवली. साहेब म्हणाले, "मग जबाबदारी कोण घेणार?"

मी घेतली. तिथेच सही केली.

मी बसले नाही. दुसरं म्हणणं होतं. वस्तीतला आमचा महिला बचत गट जेवण शिजवायला तयार आहे. संग्रामपूरहून गाडी येईपर्यंत रस्ता बंद होतो, आम्ही गावातच आहोत. अर्ज दिलेला आहे.

ठेकेदार मागे वळला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. हसत होता.

"ताई, लग्नाचे भांडे घासाले तुमच्याच बाया येतात ना? त्याले कोन नाही म्हनते? पन तुमच्या हातचं गाव खाईन काय?"

सभागृह हसलं. डावीकडचंही, उजवीकडचंही. रोज माझ्यासोबत चहा पिणारा एक बातमीदारही हसला.

साहेब हसले नाहीत. ते फाइल पाहत म्हणाले, "हा सामाजिक विषय आहे. तो करारात बसत नाही."

"पायऱ्या बसल्या होत्या."

"पुढचं गाव घ्या," साहेब म्हणाले.

करारात शाळा लिहिली गेली. जेवण त्याच ठेकेदाराकडे राहिलं. आमच्या अर्जावर निर्णय झाला नाही.

या श्रावणात पुन्हा पाणी आलं. गेल्या वर्षीइतकं नाही, पण चुली भिजल्या. मी शाळा उघडली. वस्ती व्हरांड्यात येऊन बसली. शकीला आपा सतरंजी घेऊन आली. आईनं या वेळी ताट आधीच काढून ठेवलं होतं. ते काखेत धरून ती चिखलातून आली.

गाडी आली आणि सभामंडपाशी थांबली. सवय.

तोच वाढपी शाळेच्या फाटकाशी आला. "चाला वो, जेवन थंडं होऊन राह्यलं."

मी म्हणाले, "गाडी इकडे आणा."

"तिथं लोकं बसले ना पंगतीले."

"त्यांनाही इकडे आणा. करारात शाळा आहे."

तो गेला. परत आला नाही. लेकरं रडायला लागली. आईला साखर आहे, ती उपाशी राहू शकत नाही. ती भिंतीला टेकून बसली. मी म्हणाले, आई, तू जाऊन खाऊन ये, तुला कोणी काही म्हणणार नाही.

ती म्हणाली, "तू सही केली ना? मंग बस गुमान."

आपानं ओच्यातून गुळाचा खडा काढला, आईच्या तोंडात घातला. "खा व माय. हा बिनकराराचा हाय."

साहेबांचा फोन आला. त्यांनी समजुतीनं घ्यायला सांगितलं. मी म्हणाले, समजुतीनंच घेतो आहोत, बसलो आहोत. कोणीही उठलं नाही.

दिवस कलताना गाडी शाळेत आली. गावातले थोडे लोक मागून आले, बाकीचे घरी गेले. खिचडी थंड झाली होती. वाढपी पातेलं घेऊन ओळीसमोर उभा राहिला. आईनं ताट उचलून धरलं नाही. फरशीवर ठेवलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग वाकून वाढलं.

आईनं दोन घास खाल्ले.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

त्यानं पातेलं खाली ठेवलं. मीठ आणायला गाडीकडे गेला.

दरकरार एका पावसाळ्यापुरता असतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बैठक आहे. बचत गटाचा अर्ज मी नव्यानं दिला आहे, पोच घेतली आहे. पूर ओसरल्यावर मुख्याध्यापकांनी किल्ली परत मागितली. सरपंचांनीही निरोप पाठवला.

किल्ली माझ्याकडे आहे. दिलेली नाही.