काकूंच्या मांडीवरचा पट्टा

ज्यांना फुगडी घालता येत नाही, त्यांच्याबद्दल आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतकी मनापासून कीव अख्ख्या मालाडमध्ये कुणाला वाटत नसेल. बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड आलं की त्या आधी बाईचे गुडघे न्याहाळतात, आडनाव नंतर विचारतात. श्रावणात त्यांचा संघ मंगळागौरीच्या स्पर्धांना बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जातो, आणि उकिडवं बसून उड्या मारत घालायची बसफुगडी काकूंचीच, हे नातवंडं झाल्यावरही ठरलेलं. अशाच एका सरावात त्यांच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. "आवाज आला खरा, पण ताल चुकला नाही हं," असं त्या ऑपरेशनला जातानाही सांगत होत्या.

ऑपरेशन नीट झालं, पण पाय इतका वाळला की दोन मांड्या दोन वेगळ्या बायकांच्या वाटाव्यात. "श्रावणात खेळेन ना गं, डॉक्टरीणबाई?" असं त्या मला विचारायच्या, आणि तेवढं विचारताना मात्र हसायच्या नाहीत. मी फिजिओथेरपी शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणी असं विचारलं की माझी जीभ अडखळते. "काकू, मी अजून शिकतेय," मी म्हटलं. "मग शीक की माझ्यावर!"

मी ज्या क्लिनिकमध्ये काम शिकते, तिथल्या मॅडमनी त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं, कधी रक्ताची गाठ झाली होती का ते विचारलं, आणि मांडीच्या वरच्या टोकाला पट्टा बांधून त्यात मोजून हवा भरली. रक्त थोडं अडलं की हलक्या वजनालाही स्नायू जड वजनाइतका राबतो आणि बऱ्या होणाऱ्या गुडघ्यावर ताण येत नाही, हे मी घाबरत घाबरत समजावलं. काकूंचं लक्ष घोट्याला बांधलेल्या वजनाकडे. "अगं, माझा पोळपाट याहून जड आहे!" थोड्याच वेळात कपाळावरून घाम निथळायला लागला. "आई गं, पेटली की मांडी!" पण थांबतील तर काकू कसल्या! त्यांनी फुगडीसारखं तोंडाने "फूं, फूं" सुरू केलं, आणि बघता बघता शेजारचे खांदेदुखीवाले आजोबासुद्धा त्याच तालावर हात वर करू लागले. तेवढ्यात कोकणातल्या गावाहून आलेली त्यांची नणंद आत शिरली. साप चावल्यावर बांधतात तसा आवळलेला पट्टा बघून दारातच किंचाळली, "गो वयनी, जनावर चावला काय?"

"जनावर नाय गो वन्सं," काकू धापा टाकत म्हणाल्या, "ही पोरगी चावली!"

मांडी हळूहळू भरली. बसफुगडीला मात्र मॅडमनी शेवटपर्यंत होकार दिला नाही. श्रावणात स्टेजवर काकू उभ्या फुगडीचे दोन फेरे झोकात फिरल्या. बसफुगडीची पाळी आली तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत त्या स्वतःच मागे सरल्या आणि सुनेला पुढे ढकललं, "जा गं, गुडघे आहेत तोवर."

हॉल सुनेकडे बघत होता, मी काकूंकडे. ऑपरेशनपासून त्या कुठेही उभ्या राहिल्या की सगळा भार उजव्या पायावर टाकायच्या. आता सुनेवरून नजर न हलवता त्या चक्क डाव्या पायावर रेलल्या होत्या, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जाऊन सांगावंसं फार वाटलं. पण नाही सांगितलं. सांगितलं असतं, तर त्या तिथल्या तिथे उकिडव्या बसल्या असत्या.