ओरेस्ते डावीकडे वळला

ओरेस्ते पोटासाठी बॉयलर दुरुस्त करायचा, पण मनाने राहायचा चौदाव्या शतकात. इटलीच्या अम्ब्रिया प्रांतातल्या आमच्या डोंगरावरच्या गावात त्याने जुन्या वाद्यांचा पाच जणांचा ताफा उभा केला होता. तो स्वतः बोंबार्दा वाजवायचा. बोंबार्दा म्हणजे दणकट, लांबलचक सनई. नावातली बोंब अगदी खरी. बायकोने, नेव्हियाने, सरावासाठी त्याला गावाबाहेरचा ऑलिव्हचा बंद पडलेला घाणा शोधून दिला होता. हे आपण प्रेमापोटी केलं, असं ती सांगायची.

वाद्यं जुनी, सूर जुने, तेव्हा माणसंही तशीच दिसली पाहिजेत, हा त्याचा हट्ट. मनगटावर घड्याळ नको. विजारीला चेन नाही, नाड्या; त्यामुळे ताफ्यातला औषधवाला फाउस्तो कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायचा नाही. चष्म्याला तर सक्त मनाई.

"अरे, चष्मा आपल्याच देशात निघाला, आणि त्याच काळात," फाउस्तोने एकदा सांगून पाहिलं.

"निघाला, पण कानावर अडकवायच्या काड्या नव्हत्या. हातात धरावा लागायचा. तू कर्णा वाजवणार की चष्मा धरणार?"

पंचाईत एवढीच, की ताफ्यात सगळ्यात अधू नजर ओरेस्तेची, आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे तोच.

मे महिन्यात गावच्या संताचा उत्सव असतो. पुढे ताफा, मग पाद्रीबुवा, मग खांद्यांवर संताची मूर्ती आणि मागे अख्खं गाव. कारंज्यापाशी रस्ता फुटतो, तिथून उजवीकडे चौकाकडे चढायचं. त्या वर्षी ओरेस्ते मोठ्या ऐटीत डावीकडे वळला.

ती गल्ली इतकी अरुंद, की वाळत घातलेल्या चादरी संताच्या डोक्याला लागत होत्या. मागून फाउस्तो कर्ण्यातून कसले कसले सूर काढून त्याला सावध करत होता. ओरेस्तेला वाटलं, गडी आज रंगात आलाय. शेवटी समोर दारच आलं, तेव्हा तो थांबला. गल्ली संपली होती.

दार म्हाताऱ्या आर्जियाचं. पाय गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. खिडकीतल्या खुर्चीतून तिने पाहिलं, तर साक्षात संत उंबऱ्याशी उभा. ती ओंजळीत तोंड धरून रडू लागली. मूर्ती वळवायला जागा नव्हती, वाजवणं अर्ध्यावर सोडणं ओरेस्तेच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग अख्खी मिरवणूक उलट्या पावलांनी, वाजत गाजत, गल्लीबाहेर आली.

पुढच्या रविवारी पाद्रीबुवा प्रवचनात म्हणाले, "आजारी माणसाकडे आपला संत पाठ फिरवत नाही." उत्सव समितीतले प्राध्यापक म्हणाले, ही प्रथा पूर्वी असणारच, मधल्या काळात लोपली होती.

ओरेस्तेला घाम फुटला. तो पाद्रीबुवांना गाठून म्हणाला, "बुवा, मला दिसलं नाही. मी चुकलो."

"विनय चांगला गुण आहे, ओरेस्ते. पण त्याचाही अतिरेक नको."

तेव्हापासून दर मे महिन्यात मिरवणूक डावीकडे वळू लागली. खोट्या परंपरांवर उभं आयुष्य डाफरलेला माणूस स्वतःच एका परंपरेचा मूळपुरुष होऊन बसला. पहिल्या वर्षी तो खाली मान घालून वाजवत गेला. मग आर्जिया त्याच्यासाठी बडीशेपेच्या बिस्किटांची थाळी तयार ठेवू लागली, आणि मान हळूहळू वर आली.

काही वर्षांनी आर्जिया वारली. आता गल्लीत जायचं कशाला, असं समितीत कुणीतरी म्हणालं. तर ओरेस्तेच उठून उभा राहिला.

"प्रथा आहे ती. मोडता येणार नाही."

"कधीपासूनची रे?" फाउस्तोने विचारलं.

"फार जुनी," ओरेस्ते शांतपणे म्हणाला. शेजारी नेव्हिया छताकडे बघत होती.

आर्जियाच्या घरात आता पेरुजा शहरातलं एक जोडपं राहायला आलंय. यंदा उत्सवाच्या आदल्याच दिवशी ते दाराला कुलूप लावून समुद्रावर गेलं. संत कुलपासमोर उभा राहिला. ओरेस्तेने चीज पुरी वाजवली, एकही आवर्तन न गाळता, आणि मग मागे न बघता पहिलं पाऊल मागे टाकलं.